शांत रस्ता मोजायचा कसा?

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसचं पहिलं वाक्य असं होतं : 'रत्नागिरी जिल्ह्यात सायकलसाठी उत्तम असे अनेक शांत रस्ते आहेत.' गाईडनी 'शांत' या शब्दाभोवती पेन्सिलने गोल काढला आणि शेजारी एकच शब्द लिहिला, 'किती?'

मला तेव्हा रागच आला होता. मी इथलीच. आरे-वारेच्या चढावर सायकल चालवत मोठी झाले. शांत रस्ता म्हणजे काय हे मला कोणी विचारावं? पण रात्री वाक्य पुन्हा वाचलं आणि लक्षात आलं, की हे वाक्य खरं आहे की खोटं, हे तपासायचा कुठलाच मार्ग मी दिलेला नाही. जे वाक्य तपासता येत नाही ते पर्यटनाच्या माहितीपत्रकात चालतं, सिनॉप्सिसमध्ये नाही.

पेट किंवा नेट होऊन विषय शोधणाऱ्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं गाडं इथेच अडतं. विषय जवळचा असतो, शब्द ओळखीचा असतो, आणि म्हणूनच व्याख्या करायची राहून जाते. तर आज सायकल, रस्ता आणि शांतता या साध्या गोष्टींवरून 'ओळखीच्या शब्दाचं मोजता येणाऱ्या राशीत रूपांतर' कसं करायचं ते बघू.

आधी रस्ता बघू

रत्नागिरी जिल्ह्यात उत्तर-दक्षिण जाणारे दोन मुख्य रस्ते. एक मुंबई-गोवा महामार्ग, म्हणजे पूर्वीचा १७ आणि आताचा राष्ट्रीय महामार्ग ६६. तो किनाऱ्यापासून बराच आत, चिपळूण, संगमेश्वर, हातखंबा, लांजा, राजापूर असा जातो. दुसरा किनाऱ्याजवळून जाणारा सागरी महामार्ग, रेवस ते रेड्डी. नावात महामार्ग असला तरी अनेक ठिकाणी तो गावातला रस्ताच आहे. एका बाजूला गडगा, दुसऱ्या बाजूला आंब्याची बाग आणि मधून डांबर.

शहरातून उत्तरेला निघालात की शिरगाव, आरे-वारे, नेवरे, भंडारपुळे करत गणपतीपुळे, पुढे केशवसुतांचं मालगुंड आणि मग जयगड. तिथे शास्त्री नदीची खाडी आडवी येते. सायकल फेरीबोटीत चढवायची, पलीकडे तवसाळला उतरायचं आणि हेदवी, वेळणेश्वर, गुहागर गाठायचं. मग धोपाव्याला पुन्हा खाडी, पुन्हा फेरीबोट, आणि पलीकडे दाभोळ. दक्षिणेला गेलात तर भाट्ये खाडीवरचा पूल, पावस, पूर्णगड, मुचकुंदीवरचा पूल, गावखडी, कशेळी आणि आडिवरे. रस्ता सड्यावर चढतो, खाडीत उतरतो, परत सड्यावर चढतो. सपाट असा तो फार वेळ राहतच नाही.

डोळ्यांना हे सगळंच शांत दिसतं. प्रश्न असा, की हे *का* शांत आहे?

शांतता कुठून येते?

सायकलवाल्यांमध्ये ग्रामीण फ्रान्सच्या रस्त्यांचं फार कौतुक असतं. तिथे गाव ते गाव नेणाऱ्या अरुंद पण डांबरी रस्त्यांचं जाळं दाट आहे. देशातल्या एकूण सुमारे ११ लाख किलोमीटर रस्त्यांपैकी बहुतेक रस्ते जिल्हा पातळीचे किंवा गावपातळीचे आहेत. एकाच ठिकाणी जायला चार वाटा असल्यावर घाईतली गाडी मोठी वाट धरते आणि उरलेल्या तीन आपोआप मोकळ्या राहतात. त्यात गावाबाहेर सायकलला ओव्हरटेक करताना दीड मीटर अंतर सोडायचं असा तिथला कायदा आहे. बंद पडलेल्या काही रेल्वेमार्गांवरही सायकलवाटा झाल्या आहेत. म्हणजे तिथल्या शांततेमागे *पर्यायी रस्ते* आणि *नियम* आहेत.

आपल्याकडची कारणं वेगळी. मला तीन दिसतात.

पहिलं, ६६ नंबरचा महामार्ग. मुंबईहून गोव्याला जाणारा ट्रक आरे-वारेला येत नाही, कारण त्याला आतून सरळ रस्ता आहे.

दुसरं, खाड्या. जयगड-तवसाळ आणि धोपावे-दाभोळ इथे पूल नाही, फेरीबोट आहे. फेरीबोट एका वेळी ठराविकच गाड्या घेते, ठराविक वेळांनाच सुटते आणि रात्री उशिरा बंद असते. नळाची चावी अर्धी पिळून ठेवावी तसा तिचा वाहतुकीवर परिणाम होतो.

तिसरं कारण जरा टोचणारं आहे. कित्येक गावांत घरं आहेत पण माणसं मुंबईत आहेत. गणपतीत आणि मे महिन्यात चाकरमानी आले की हाच रस्ता ओळखू येत नाही.

संशोधनाच्या दृष्टीने यातून एक मोठी गोष्ट हाती लागते. रुंदी किंवा उतार हा रस्त्याचा स्वतःचा गुण असतो, शांततेचं तसं नाही. ती इतर काही गोष्टींचा *परिणाम* असते. परिणाम म्हटला की त्याची कारणं बदलू शकतात, आणि कारणं बदलली की परिणामही बदलतो. हे मुद्दाम लक्षात ठेवा, शेवटी याच्याकडे परत यायचंय.

पहिली चूक : तयार माप उचलणं

गाईडच्या 'किती?'ला उत्तर म्हणून मी आधी तयार माप शोधलं. भारतीय रस्ते अभियांत्रिकीत ते आहेच : पीसीयू, म्हणजे प्रत्येक वाहनाचं कारमध्ये केलेलं रूपांतर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या ग्रामीण रस्त्यांच्या कोष्टकात कार १, ट्रक किंवा बस ३, मोटारसायकल ०.५ आणि सायकलही ०.५. सगळ्यांची बेरीज केली की रस्त्यावरचा भार आला. सोपं वाटलं.

मग एक दिवस पावसच्या रस्त्यावर मागून डंपर आला. चिरेखाणीतून जांभा भरून निघालेला, उतारावर वेगात. मी साईडपट्टीवर उतरले, तो गेला, आणि पाय थरथरायचे थांबेपर्यंत मी गडग्याला टेकून उभी राहिले. पीसीयूच्या हिशेबात ते प्रकरण फक्त ३ होतं. समोरून आलेल्या तीन रिक्षांइतकं!

माप चुकीचं नव्हतं. ते *दुसऱ्या प्रश्नासाठी* बनवलेलं होतं. रस्ता किती भरला, तो रुंद करायला हवा का, हे पीसीयू सांगतं. सायकलस्वाराला किती भीती वाटते हे सांगणं त्याचं कामच नाही. उलट रस्ता रिकामा असला की गाड्यांचा वेग वाढतो. म्हणजे पीसीयूने 'शांत' ठरलेला रस्ता सायकलला जास्त धोक्याचा असू शकतो.

मग दुसरं माप सापडलं. अमेरिकेत मेकुरिया, फर्थ आणि निक्सन यांनी २०१२ मध्ये 'लेव्हल ऑफ ट्रॅफिक स्ट्रेस' ही पद्धत मांडली. त्यात रस्त्याचे १ ते ४ असे ताणाचे स्तर पाडतात. यातला एक विचार फार उपयोगी आहे : मार्गाचा ताण सरासरीवरून ठरवायचा नाही, त्यातल्या सर्वांत वाईट तुकड्यावरून ठरवायचा. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकी, तसंच हे. पावसला जाणारा रस्ता कितीही शांत असो, शहरातून किनाऱ्याने दक्षिणेला निघायचं तर भाट्याचा पूल ओलांडावाच लागतो. पूल जर नववीतल्या मुलीला एकटीने सायकलवरून ओलांडता येत नसेल, तर पुढच्या शांततेचा तिला काय उपयोग?

पण हेही माप जसंच्या तसं उचलता येत नाही. ते आखलेल्या लेन, पार्किंगच्या पट्ट्या आणि सिग्नल असलेल्या शहरी रस्त्यांसाठी बनलंय. आपल्या ग्रामीण रस्त्याच्या डांबराची रुंदी मानकाप्रमाणे ३.७५ मीटर. दिवसाला १०० पेक्षा कमी मोटारवाहनं असतील आणि ती वाढायची शक्यता नसेल, तर ३ मीटरही चालते. आता हिशेब करा. १.७ मीटर रुंदीची कार आणि ०.६ मीटरचं सायकलचं हँडल. तीन मीटरमधून दोन्ही वजा केलं तर उरतात ७० सेंटीमीटर. फ्रान्समधलं दीड मीटर अंतर इथे बसतच नाही. कोणीतरी डांबर सोडल्याशिवाय ओव्हरटेक होत नाही, आणि ते 'कोणीतरी' म्हणजे नेहमी सायकलवालाच.

मग मोजायचं काय?

मी शेवटी असं ठरवलं : *एका तासात मला किती वाहनं मागून गाठून पुढे जातात, त्यात जड वाहनं किती, आणि किती वेळा मला डांबर सोडावं लागलं.* एवढंच. ही माझी 'कार्यात्मक व्याख्या'. तुम्हाला ती पटली नाही तरी चालेल, पण ती तपासता येते. मंगळवारी मी मोजलं आणि बुधवारी तुम्ही मोजलंत, तर आपण एकच गोष्ट मोजतोय.

यामागचं गणित सोपं आहे. तुमच्याच दिशेने तासाला जितक्या गाड्या जातात तितक्या सगळ्या तुम्हाला गाठत नाहीत, कारण तुम्हीही पुढे सरकत असता.

ओव्हरटेक दर तासाला = गाड्या दर तासाला × (१ − तुमचा वेग ÷ गाड्यांचा वेग)

गाड्या तासाला ६०, त्यांचा वेग ४५ आणि तुमचा १५ असेल, तर ६० × (१ − १/३) = ४०. समोरून येणाऱ्यांसाठी वजाऐवजी अधिक घ्या : ६० × (१ + १/३) = ८०. दोन्ही दिशांना गाड्या सारख्याच असूनही समोरच्या दुप्पट दिसतात. म्हणून 'आज फार गर्दी होती' या आठवणीवर विश्वास ठेवायचा नाही.

आता खरी गंमत. हेच उलटं वापरून, रस्त्यावर कॅमेरा न लावता, नुसती सायकल चालवून गाड्यांची संख्या *आणि* वेग दोन्ही काढता येतात. वॉर्डरॉप आणि चार्ल्सवर्थ यांनी १९५४ मध्ये मांडलेली 'मूव्हिंग ऑब्झर्व्हर' पद्धत ती हीच. सहसा ती कारमधून वापरतात. सायकलवर करताना असं करायचं (आकडे समजावण्यापुरते घेतलेत) :

१. १२ किलोमीटरचा एक तुकडा निवडा. ताशी १५ च्या वेगाने जायला ४८ मिनिटं लागतील. जाताना *समोरून येणाऱ्या* गाड्या मोजा. समजा, ६४ आल्या.

२. त्याच रस्त्याने परत या. आता तुम्ही त्याच प्रवाहाबरोबर आहात. तुम्हाला मागे टाकणाऱ्या गाड्या मोजा आणि तुम्ही ज्यांना मागे टाकलंत ती वाहनं त्यातून वजा करा. समजा, उरल्या ३२. वेळ पुन्हा ४८ मिनिटं.

३. दोन्ही आकड्यांची बेरीज भागिले दोन्ही वेळांची बेरीज : ९६ ÷ ९६ = मिनिटाला १ गाडी, म्हणजे तासाला ६०.

४. परतीच्या वेळेतून (३२ ÷ १) वजा करा : ४८ − ३२ = १६ मिनिटं. एका गाडीला तो तुकडा पार करायला सरासरी इतका वेळ लागतो. १२ किलोमीटर १६ मिनिटांत, म्हणजे ताशी ४५.

खर्च किती? एक सायकल, एक घड्याळ आणि हँडलला बांधलेला मोजणीचा क्लिकर. मधे फाटे फार नसावेत आणि त्या वेळात वाहतूक साधारण एकसारखी असावी, या दोन अटी मात्र पाळायच्या. आणि एकदाच जाऊन चालत नाही, निदान सहा फेऱ्या हव्यात.

जितकं शांत तितकं अवघड

सहा फेऱ्या कशासाठी? तुरळक, आपापल्या मर्जीने येणाऱ्या गोष्टी मोजताना चूक साधारण त्या संख्येच्या वर्गमुळाइतकी असते. ९६ गाड्या मोजल्या तर चूक १० च्या आसपास, म्हणजे दहा टक्के. पण सड्यावरच्या एखाद्या वाडीच्या रस्त्यावर ९ च गाड्या मिळाल्या, तर चूक ३, म्हणजे थेट एकतृतीयांश! रस्ता जितका शांत तितकी मोजणी कच्ची. म्हणून शांत रस्त्यावर जास्त फेऱ्या माराव्या लागतात. हे मला आधी कळलं असतं तर एक अख्खा हिवाळा वाचला असता.

तो हिवाळा मी आणखी एका चुकीत घालवला. मी फक्त मंगळवारी आणि गुरुवारी, सकाळी दहानंतर मोजत होते, कारण तेव्हा मला सवड होती. कोकणातला रस्ता माझ्या सवडीने चालत नाही. पहाटे मिरकरवाड्याहून मासळीचे टेंपो निघतात. एप्रिल-मेमध्ये हापूसच्या पेट्यांच्या गाड्या. शनिवार-रविवारी गणपतीपुळ्याचे पर्यटक. जयगडच्या बाजूला बंदराची जड वाहतूक. जून ते सप्टेंबर पाऊस, तेव्हा गाड्या कमी पण खड्डे जास्त. माझे सगळे आकडे 'हिवाळ्यातल्या मंगळवारी अकरा वाजताची रत्नागिरी' एवढ्याचेच होते. इंडियन रोड्स काँग्रेस बिगरशहरी रस्त्यांच्या गणनेसाठी सलग सात दिवस, चोवीस तास, वर्षातून निदान दोनदा मोजायला सांगते, ते उगीच नाही. एकट्या विद्यार्थिनीला ते जमणार नाही. पण दिवसांचे आणि वेळांचे गट पाडून, प्रत्येक गटातून चिठ्ठी टाकून वेळ निवडणं नक्की जमतं.

काही जण म्हणतील, एवढी दगदग कशाला, सायकलिंग ॲपवर नकाशे आहेत की! आहेत. पण ॲपवर ज्याच्याकडे घड्याळ आणि हौस आहे तो दिसतो. शाळेत जाणारी मुलगी, बंदरावर जाणारा खलाशी, गावोगाव पाव पोचवणारा सायकलवाला त्यात नसतो. ॲपचा आकडा 'सायकलस्वार किती' हे सांगत नाही, 'ॲप वापरणारे किती' हे सांगतो.

शांत कोणासाठी?

एका संध्याकाळी जयगडच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघत होते. शेजारी मासळीच्या रिकाम्या टोपल्या घेऊन एक मावशी बसल्या होत्या. हे क्लिकर कसलं, म्हणून त्यांनी विचारलं. मी सगळं समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "बाय, तुला रस्ता मोकळा हवाय, मला पूल हवाय. रात्री घरात कोणाचं दुखणं निघालं तर ही बोट सकाळपर्यंत यायची नाही."

मला उत्तर सुचलं नाही. मी 'शांतता' म्हणून जे कौतुकाने मोजत होते, ते त्यांच्यासाठी 'सोय नसणं' होतं. आणि खरं सांगायचं तर माझ्यासाठीही ते नेहमी चांगलं नसतं. संध्याकाळी साडेसहानंतर सड्यावर तासाला एक गाडी जात असेल तर माझ्या व्याख्येत तो रस्ता अतिशांत. पण त्या वेळी मी एकटी तिथून जात नाही. शांत आणि सुरक्षित हे दोन वेगळे चलघटक आहेत, आणि ते वेगळे आहेत हे मला कोष्टकाने शिकवलं नाही, धक्क्यावर आणि सड्यावर कळलं.

आता सुरुवातीच्या मुद्द्याकडे. रेवस-रेड्डी सागरी महामार्गावर बाणकोट, केळशी, दाभोळ, जयगड अशा खाड्यांवर मोठे पूल बांधायचं काम महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतलंय. पूल व्हायलाच हवेत, मावशींचं म्हणणं बरोबर आहे. पण पूल झाले की वर सांगितलेल्या तीन कारणांपैकी एक कारण संपतं. मग सायकलवरून शाळेत जाणाऱ्या पोरांचं काय होईल? साईडपट्टी रुंद हवी का, गावात वेग कमी करायची सोय हवी का? हे ठरवायला 'आधी किती होतं' हा आकडा लागतो. तो आत्ताच मोजता येईल. पूल सुरू झाल्यानंतर 'आधीचं' मोजायची कुठलीही पद्धत नाही.

आणि तुलना करायला आपल्याकडे जोडी तयार आहे. उत्तरेला जयगडचा रस्ता, जिथे अजून फेरीबोट आहे. दक्षिणेला पूर्णगड-गावखडीचा रस्ता, जिथे पूल आधीपासून आहे. दोन्हीकडे आधी मोजायचं, दोन्हीकडे नंतर मोजायचं. समजा, जयगडकडे ओव्हरटेक तासाला २० ने वाढले आणि गावखडीकडे त्याच काळात ५ ने वाढले, तर पुलाच्या नावावर १५ च टाकायचे. उरलेले ५ तसेही वाढलेच असते. याला 'फरकांमधला फरक' म्हणतात. अट एकच : पूल झाला नसता तर दोन्ही रस्ते साधारण सारख्याच चालीने वाढले असते, हे पटवून देता आलं पाहिजे. गणपतीपुळ्याचे पर्यटक फक्त एकाच बाजूला आहेत, तेव्हा हे पटवणं सोपं नाही. व्हायवाला मला हाच प्रश्न येणार, हे मला आत्ताच माहीत आहे.

सिनॉप्सिसचं पहिलं वाक्य आता बदललंय. 'शांत' हा शब्द त्यात राहिला नाही. 'ताशी ओव्हरटेक' आहे, तुकड्यांची नावं आहेत, आणि कोणत्या महिन्यात मोजलं तेही आहे. वाचायला रुक्ष झालंय, पण गाईडनी या वेळी गोल काढला नाही.

तुम्ही एक करा. तुमच्या विषयाच्या शीर्षकातलं एक विशेषण निवडा : शांत, मागास, पारंपरिक, प्रभावी, जे असेल ते. शेजारी पेन्सिलने लिहा, 'किती? कोणासाठी? कधी?' तिन्हींची उत्तरं एकेका वाक्यात देता आली तर विषय पक्का समजा. नाही आली, तर सायकल काढा आणि एक चक्कर मारून या. जाताना समोरच्या गाड्या मोजायला विसरू नका.